शाई लागलेलं नख

ज्यानं माझं नख काळं केलं, त्याचं नाव मन्मथ आहे हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं होतं की हा माणूस सरकारी आहे आणि पक्का धांदरट आहे.

घाटनांदूरला आमच्या दूध संस्थेची निवडणूक होती. दुष्काळानं निम्मी जनावरं चारा छावणीत गेलेली, उरलेल्यांच्या कासा सुकलेल्या... पण दूध आटलं म्हणून चेअरमन व्हायची हौस थोडीच आटते? दोन्ही पॅनलच्या जीपगाड्या सकाळपासून गावभर धूळ उडवत होत्या. आमच्या दोन्ही म्हशी माझ्या नावावर, म्हणून संस्थेची सभासदही मीच. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, किराणा दुकानाचं शटर वर करता करता सांगितलं की जाऊन मत टाकून ये, नाहीतर दोन्हीकडचे रुसतील.

शाळेच्या खोलीत टेबलामागे तो बसला होता. समोर शाईची बाटली, हातात काडी, कपाळावर घाम. मी डावा हात पुढे केला आणि का कोण जाणे, बोलून गेले, "थोडीच लावा. रविवारी पाव्हणे येणार हायेत."

त्यानं मान वर केली. तिथंच चुकलं. काडी बाटलीत बुडालेली, आणि हा माझ्याकडे बघतोय... बघतोच आहे.

"कसले पाव्हणे?"

"बघायला येणारे."

"अच्छा," तो म्हणाला आणि ती भिजून निथळणारी काडी माझ्या बोटावर टेकवली. बाकीच्यांना एक टिपका मिळाला होता. माझं तर्जनीचं अख्खं नख जांभळं झालं, वर ओघळ बाजूच्या कातडीवरही गेला. त्यानं घाईघाईनं खिशातला रुमाल काढला, बोट धरून पुसायला लागला. निवडणुकीची शाई ती, रुमालाला थोडीच दाद देते? रुमाल डागाळला, त्याचा अंगठा डागाळला, माझं बोट मात्र त्याच्या हातात तसंच राहिलं. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला की अंबाजोगाईला बस स्टँडमागं माझ्या ताईचं पार्लर आहे, तिथं या, काहीतरी करता येईल. तुमचं नाव काय सांगू, असं विचारायच्या आत मला कुणीतरी पुढे ढकललं.

घरी येईपर्यंत उन्हानं शाई काळी कुळकुळीत झाली होती.

उमावहिनीनं, माझ्या भावाच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. स्थळ चांगलं होतं. मूळचे धर्मापुरीचे, आमच्यातलेच, आता पुण्यात स्थायिक. मुलगा ओंकार मोठ्या कंपनीत. मध्यस्थ पंचाक्षरी मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलाच्या आईला मुलीचे हात बघायची सवय आहे. आणि अप्पांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं की होकार-नकार तुझा, मी जबरदस्ती करणार नाही, पण रविवारी संध्याकाळी उत्तर दे, लोकांना लटकवून ठेवायचं नाही. जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हापासून वाटत होतं. निदान डोकं शांत राहिलं असतं.

वहिनी तडक स्टेशनजवळच्या दुकानातून चिकटवायच्या नखांचं पाकीट घेऊन आली. गुलाबी, टोकाला चमक, सोबत गोंदाची इवलीशी नळी. तिचं म्हणणं सरळ होतं. पाच मिनिटांत काम, खर्च कमी, पाव्हणे गेले की कोमट पाण्यात बोटं बुडवून काढून टाक. माझं म्हणणंही सरळ होतं. दोन वेळ धार काढणाऱ्या हाताला गोंदाची नखं टिकणार नाहीत. ऐनवेळी चहाच्या कपात नख पडलं तर काय करायचं? त्यापेक्षा पार्लरमध्ये जाऊन नीट मॅनिक्युअर करावं. वहिनी ऐकेना. म्हणाली, आजवर कधी पार्लरची पायरी चढली नाहीस, आणि आता अंबाजोगाईला कावून?

"तिथं काम पक्कं होतं," मी म्हणाले. खोटं होतं ते. पण खोटं वहिनीशी बोलत होते की माझ्याशीच, ते काही मला कळेना.

ताईचं पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, मोठा आरसा. आणि स्टुलावर चढून पंख्याशी खेळणारा तो. पंख्यात बिघडलेलं तसं काहीच नव्हतं. मला बघून खाली उतरला, उतरताना स्टूल पडलं.

"मन्मथ, बस एका जागी," ताई म्हणाली. असं मला त्याचं नाव कळलं. आमच्या जिल्ह्यात हे नाव घरोघर असतं, तरी मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

ताईनं एका टबात कोमट पाणी ओतलं, शाम्पूचा फेस केला, माझे दोन्ही हात त्यात ठेवले. आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. एवढ्या पाण्यात आमच्या घरी रात्रीची भांडी निघतात. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, आणि मी नखं भिजवत बसलेय. मी विचारलं की ताई, तुमच्याकडं नळाला पाणी येतं का? ताई हसली.

"कुठलं आलंय? काल हा ऑफिसच्या बोअरवरून दोन कळशा घेऊन आला. स्कूटरवर, मांडीत धरून. म्हणे घाटनांदूरच्या एक बाई येणार हायेत."

मन्मथ खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. त्याचे कान लाल झालेले मला आरशात दिसले. माझे हात पाण्यात होते, तरी तळव्यांना घाम फुटल्यासारखं वाटलं... त्या दोन कळशांतलंच हे पाणी.

ताई बोलत बोलत काम करत होती. नऊ नखं झाली. कशी दिसत होती म्हणून सांगू, माझा हात मलाच पाहुण्याचा वाटायला लागला. मग तिनं काळं नख धरलं आणि बारीक कानस उचलली. वरचा थर घासला की शाई फिकी होईल, म्हणाली, वरून गडद जेल लावू, कुणाला कळणार पण नाही.

मी हात ओढून घेतला.

"काय झालं? दुखलं?"

"हो," मी म्हणाले. कानस अजून नखाला लागलीही नव्हती.

ताईनं कानस बाजूला ठेवली. मन्मथ मात्र जवळ आला आणि अगदी मनापासून समजावू लागला. "घ्या की करून. रविवारी बरं दिसंल. त्या लोकांना आवडंल."

मला असा राग आला... कशाचा आला ते विचारू नका. माणूस भलं चिंततोय, आणि मला वाटतंय याचं तोंड बघू नये.

"तुमाला काय पडलंय माझ्या रविवारचं?"

"माझ्यामुळं झालंय ना हे."

"तेवढंच?"

त्यानं वाकून पडलेलं स्टूल उचललं. मी चपला घातल्या आणि नऊ देखणी नखं नि एक काळं नख घेऊन घरी आले.

वहिनी माझ्या हाताकडे बघून आधी हसली, मग रडकुंडीला आली. शेवटी तिनंच तोडगा काढला. काळ्या नखावर चिकटवायचं नख लावलं. पण एकच गुलाबी चमकदार आणि बाकीची वेगळी, म्हणून दुसरं लावलं, मग तिसरं. पार्लरच्या पक्क्या कामावर तिनं दहाच्या दहा नकली नखं बसवली. दोन्हींतलं एक निवडायचं होतं, मी दोन्ही करून बसले. आणि मन अजून तिसरीकडेच फिरत होतं.

रविवारी पाहुणे आले. ओंकार वाईट असता तर किती सोपं झालं असतं. पण तो मोकळा होता, हसरा होता. आम्हाला बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं तेव्हा त्यानं मला वाचायला काय आवडतं, पुढं शिकायचंय का, हे सगळं विचारलं. त्याच्या आईनं माझा हात हातात घेऊन छान आहे म्हटलं. माझ्या मनात काय चाललं होतं? मी त्याला विचारलं, तुमच्याकडं नळाला पाणी किती वेळ असतं?

"दिवसभर असतं," तो म्हणाला. "का?"

दिवसभर. मी डोळ्यांसमोर नळ आणून बघितला. तोटी फिरवली की पाणी... कुणाची वाट बघायची नाही, कुणाशी भांडायचं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मी होकार देऊन टाकला होता, फक्त तोंडातून निघायचा बाकी होता.

आणि तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

आमच्याकडे टँकरचा हॉर्न वाजला की चालू असेल ते काम थांबतं, मग लग्न असो की पूजा. आई पोह्यांचा डाव टाकून उठली, अप्पा पाहुण्यांना "बसा हं" म्हणून उठले, वहिनी ड्रमकडे धावली. आणि मी? पैठणीचा पदर कमरेला खोचला, खुंटीवरचा पाइप ओढला आणि गल्लीत. टँकरवर चढलेल्या पोरानं पाइपचं टोक आत टाकलं. मी खालच्या टोकाला तोंड लावून जोरात ओढ घेतली, पाणी सुटलं, आणि पाण्याबरोबर माझी नखं उडायला लागली. एक चिखलात गेलं. एक शेजारच्या तुळजाबाईंच्या घागरीत. त्या हात घालून ते बाहेर काढून बघत राहिल्या, कुणाचं म्हणून.

ओंकारही बाहेर आला. कडक इस्त्रीच्या बाह्या दुमडून त्यानं चक्क हंडे उचलायला सुरुवात केली. म्हटलं ना, चांगला होता. सांडलं पाणी त्याच्या बुटांवर, तरी हसत होता.

ड्रम भरल्यावर मी हात वर करून बघितले. किती नखं राहिली हे मी बघितलं नाही. डाव्या हाताची तर्जनी बघितली. नकली नख गेलं होतं. खाली शाई होती, तशीच, काळीभोर, जागच्या जागी. मला हायसं वाटलं... आणि मी पार घाबरून गेले. कारण तेव्हा मला कळलं की मी हे नख कुणापासून लपवत नव्हते, जपत होते.

"हे काय लागलंय?" ओंकारनं विचारलं.

"मतदानाची शाई."

"जात नाही?"

"नखाबरोबर वाढत वाढत जाते हळूहळू."

"लवकर घालवायची असेल तर?"

"घालवायची न्हाई मला," मी म्हणाले. फटकन निघून गेलं तोंडातून.

त्यानं एकदा त्या नखाकडे बघितलं. मग हातातला हंडा त्यानं सावकाश खाली ठेवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "नुसत्या नळासाठी पुण्याला येऊ नका."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं बघितलं असणार.

संध्याकाळी अप्पांना नाही म्हणाले. अप्पा रागावले नाहीत, गोंधळले. पोरगं चांगलं आहे की, म्हणाले. मी म्हटलं, लई चांगलं हाय. मग कावून? मला कळंना, असं मी म्हणाले. अप्पांनी बराच वेळ पान लावलं, तोंडात टाकलं, आणि म्हणाले की कळंना म्हणजे कुणीतरी हाय. तेवढं बघून ये आणि मला सांग.

सोमवारी वहिनीला घेऊन अंबाजोगाई गाठलं, ताईला विचारून मन्मथचं ऑफिस शोधलं. वहिनी ऑफिसच्या पायरीवर बसली. मी आत गेले. मन्मथ कपाटाशी उभा होता, काखेत फायली. बाजूच्या टेबलावर साहेब बसलेले, म्हणून त्यानं अगदी सरकारी आवाजात विचारलं, "काय काम होतं?"

"तक्रार हाय. निवडणुकीची."

त्यानं खुर्ची ओढून दिली, समोर बसला. "बोला."

"सगळ्यांना टिपका लावला. मला अख्खं नख."

त्याच्या ओठाचा कोपरा हलला. मग हसू विझलं, आवाज उतरला. "पाव्हण्यांनी काय कळवलं?"

"त्यांनी कळवायच्या आधी मीच न्हाई म्हणले."

"कावून?"

वहिनीनं विचारलेलं, अप्पांनी विचारलेलं, मी स्वतःला रात्रभर विचारलेलं. कुणालाच उत्तर देता आलं नव्हतं. इथं मात्र अडखळायला झालं नाही.

"तुमच्यामुळं. तुमी मला आवडता."

तो उठला, पुन्हा बसला. साहेबांकडे बघितलं, साहेब चष्मा पुसत होते. मग टेबलावरून थोडा पुढं वाकून बोलायला लागला, भराभरा, खालच्या आवाजात. "मी काल दिवसभर देवाला म्हणत होतो, त्यांना तुमी पसंत पडाव्यात."

पुन्हा तोच राग... पण या वेळी मी उठून गेले नाही. "असं कावून म्हणत होता?"

"तिकडं पाणी हाय. माझ्याकडं काय हाय? भाड्याची खोली, आणि ऑफिसची बोअर. ती बी उन्हाळ्यात आटती."

"आणि मनातून? मनातून काय म्हणत होता?"

तो बोटांनी टेबलाची कड खरवडत राहिला.

"मनातून म्हणत होतो," तो म्हणाला, "त्यांची गाडी रस्त्यात पंक्चर व्हावी."

मी हसले. इतकी हसले की साहेबांनी मान वर केली आणि दारातून वहिनी डोकावली. तोही हसला, पण डोळ्यांतली काळजी गेली नव्हती. "हसू नका," तो म्हणाला. "खरंच विचारतो. तुमच्या घरी उद्या येऊन वडलांना भेटीन, त्याचं काही न्हाई. पण पाण्याचं काय? रोज कळशा आणाव्या लागतील."

"आणू की," मी म्हणाले. "एक तुमी, एक मी."