नळवालीची मान

गटाराच्या तोंडाशी वाकलेली एक बाई. हातातल्या कंदिलाचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर.

चहाच्या कपात चुकून बुडालेला कुंचला.

कुलूप नसलेला पसरट लाकडी खण.

चित्रातला बोलका फुगा, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे धावणारी त्याची शेपटी.

"ही रेघ माझी आहे," चित्रकारीण म्हणाली, "पण मी ओढलेली नाही."

वहिनींनी चष्मा पुसला. भावोजींना काही कळलं नाही, पण त्यात नवीन ते काय! वहिनी खासगी तपास करायच्या. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. ते वहिनींची स्कूटर चालवायचे आणि चुकीचे तर्क लढवायचे.

मात्र टेबलावर पडलेला अंक त्यांनी लगेच ओळखला. साप्ताहिकातली 'नळवाली' ही चित्रकथा ते पहिल्या अंकापासून वाचत होते. नळ दुरुस्त करणारी ही बाई भल्याभल्यांचं पाणी जोखायची. या आठवड्यात नगरप्रमुख तिला म्हणतो, माफी माग, नाहीतर गाव सोड. शेवटच्या चौकटीत ती म्हणते, 'मी इथेच आहे.'

"मी मान ताठ काढली होती," चित्रकारीण म्हणाली. "छापून आली ती खाली घातलेली. शब्द तेच, पण बाई लाचार."

"मलाही वाईट वाटलं हो," भावोजी म्हणाले. "घास उतरेना."

चित्रकारणीने पिशवीतली पत्रं टेबलावर उपडी केली. "ही वाचकांची. 'शेवटी तुम्हीही वाकलात.' बावीस वर्षांत एक रेघ कुणाच्या सांगण्यावरून बदलली नाही मी. मला ते नाव हवंय, आणि पुढच्या अंकात माझी मान परत हवीय. नाहीतर टाक मोडून टाकते."

"तुमच्या हातातून पान कुठे जातं?"

"शेजारच्या खोलीत. माझा थोरला भाऊ फुगे काढतो, अक्षरं लिहितो. मग माझी जुनी विद्यार्थिनी वर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रंग भरते, म्हणजे मूळ पान काळं-पांढरंच राहतं. तीच ते संपादकाकडे नेते. छापून झालं की पान घरी, खणात."

"जुनी पानं कधी बघता?"

"छे! संपलेलं चित्र म्हणजे उष्टं ताट. त्यात परत हात घालत नाही मी."

*

संपादकांनी कपाटातून मूळ पान काढलं. छापलेल्या पानाच्या दुप्पट मोठं होतं.

"मान खाली घालायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "वरून फोन होता. अंक बंद करायची भाषा होती. पण बाईंनी मला फोनवरच असा झाडला, की कान अजून गरम आहेत. मग पान आलं, तर मान खाली! म्हटलं, आली अक्कल."

"अक्कल!" भावोजी पुटपुटले.

"त्यांच्या घरी कधी गेलात?"

"तीन जिने आहेत, बाई. गुडघे बघा माझे."

"भावोजी, चित्रावरून बोट फिरवा."

भावोजींचं बोट अडखळलं. "इथे ठिगळ आहे. डोक्याएवढा कागद चिकटवलाय."

"आणि फुग्याची शेपटी?"

"पानावरून निघालीय, ठिगळाच्या कडेवर चढलीय आणि थेट तोंडापाशी. एका दमात ओढलेली, सलग."

वहिनींनी पान उजेडासमोर धरलं. दुसरं ठिगळ कुठे नव्हतं, खोडलेली रेघ झाकणारा पांढऱ्या रंगाचा ठिपकाही नव्हता. पान त्यांनी सोबत घेतलं.

*

रंगवाली चित्रकारणीच्याच घरी, खिडकीशी बसून काम करायची.

"माझ्याकडे आलं तेव्हा मान वाकलेलीच होती," ती म्हणाली. "उजेड मात्र खटकला. चित्रात खिडकी डोक्याच्या वर आहे आणि हनुवटी उजळलीय खालून."

"मग विचारायचं नाही?"

"बाईंच्या काळ्या शाईबद्दल? एकदा विचारलं होतं. तीन दिवस अबोला."

"पान कुणी दिलं?"

"दादांनी. पाकिटात घालून."

दादा म्हणजे चित्रकारणीचे थोरले भाऊ, सत्तरीचे. बोटं मात्र विशीतल्या माणसासारखी स्थिर.

"माझ्या हातून गेलं तेव्हा मान ताठ होती," ते म्हणाले. "अक्षरं लिहिली, फुगा काढला, शेपटी ओढली, पाकीट बंद केलं."

"शेपटी शेवटी?"

"नेहमीच. तोंड कुठे आहे ते बघितल्याशिवाय शेपटी ओढतात का?"

"आणि पाकीट दिल्यावर?"

"ते त्या पोरीला विचारा."

जिन्यात भावोजी कुजबुजले, "रंगवालीच. तिला उजेडाचं बरोबर ठाऊक होतं."

"चोर स्वतःहून आपली चूक दाखवतो का, भावोजी?" वहिनी म्हणाल्या. "संपादकांना बोलवा. गुडघ्यांसकट."

*

संपादक धापा टाकत स्टुलावर बसले. वहिनींनी पान सगळ्यांसमोर उभं केलं.

"बाई म्हणतात, रेघ त्यांची. बरोबर आहे. हे डोकं त्यांनीच काढलंय, पण दुसऱ्याच पानावर. उजेड खालून आहे तो त्यामुळे. भावोजी, नळवालीची मान याआधी कधी खाली गेली होती?"

भावोजी उठून उभेच राहिले. "एकदाच! अंक एकशे बारा. गटारात मांजराचं पिल्लू अडकलं होतं. ती कंदील घेऊन वाकली होती!"

"खण उघडा."

एकशे बाराव्या अंकाचं पान निघालं. नळवालीच्या डोक्याच्या जागी भोक होतं.

चित्रकारणीने त्या भोकात बोट घातलं.

"छापील अंकातलं डोकं निम्म्या मापाचं असतं, ते इथे बसलं नसतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे मूळ पानच कापलं, या घरात. संपादक इथे आज पहिल्यांदा चढले. खणापर्यंत हात पोचतो तो दोघांचाच, रंगवालीचा आणि दादांचा."

रंगवालीचा चेहरा उतरला.

"आता शेपटी बघा. ती ठिगळाच्या कडेवरून सलग गेलीय. आधीची शेपटी खोडल्याची खूणही कुठे नाही. म्हणजे ठिगळ आधी बसलं, शेपटी नंतर आली. आणि शेपटी दादाच ओढतात. दादा, तुम्ही म्हणालात, मान ताठ होती. मग शेपटी वाकलेल्या तोंडापाशी कशी गेली? तुम्हाला खोटं बोलता आलं, पण शेपटी खोटी ओढता आली नाही."

दादांनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"अंक बंद पडला असता," ते म्हणाले. "टाक खाली ठेवलास की तुझं काय होतं, ते मी पाहिलंय. आजारपणात महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. वाटलं, एकदा वाकेल आणि पुढे चालत राहील. दुसऱ्या कुणाची रेघ नाही लावली मी. तुझीच लावली."

"आणि या पोरीवर ढकललंस?"

"घाबरलो गं."

"तिची माफी माग. आत्ता."

दादांनी मागितली. रंगवालीने नुसती मान हलवली.

चित्रकारणीने पातं घेतलं आणि ठिगळाच्या कडेखाली सरकवलं. ठिगळ अलगद सुटलं. खाली मान ताठ होती, जशीच्या तशी. शेपटी मात्र तुटून अर्ध्यावर लोंबकळत होती.

"हेच पान पुढच्या अंकात, पहिल्या पानावर," ती संपादकांना म्हणाली.

"आणि वरून फोन आला तर?"

"घरचा नंबर द्या. सांगा, मी इथेच आहे."

संपादकांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? मी वर्गणीदार आहे."

चित्रकारणीने टाक शाईत बुडवला आणि दादांपुढे धरला.

"शेपटी अर्धी राहिलीय. तोंड कुठे आहे ते बघ, आणि ओढ."

दादांनी टाक घेतला.

बावीस वर्षांपूर्वी नळवालीचं पहिलं चित्र काढताना, मान ताठ कशी दिसते ते दाखवायला दादा तासभर स्टुलावर उभे राहिले होते.