निनादचा खळगा

प्राजक्ताबाई महाडिकांच्या घरातली गादी त्यांच्या मालकीची नव्हती. तशी ती आता कुणाच्याच मालकीची नसायची. परतावा कायदा आल्यापासून सोफ्याची उशी, बुटाचा तळवा, फ्रिजच्या दारातला फोम, सगळं नुसतं वापरायला मिळायचं आणि मुदत संपली की परत द्यावं लागायचं. तेलापासून नवा फोम बनवणं बंद होऊन एक पिढी उलटली होती. जगात होता तेवढाच फोम फिरत होता, आज तुमच्या पाठीखाली, उद्या दुसऱ्याच्या टाचेखाली. लोकांच्या ते अंगवळणी पडलं होतं. उशा आणि बूट लोक हसत परत करायचे, गादी द्यायची वेळ आली की मात्र रडारड व्हायची.

याचं कारण असं, की ही नवी गादी माणूस शिकायची. वर्षानुवर्षं एकाच जागी झोपणाऱ्याचा खळगा तिच्यात मुरायचा आणि तो माणूस उठून गेला तरी तसाच राहायचा.

प्राजक्ताबाईंचा नवरा निनाद तर कायमचाच उठून गेला होता. चिपळुणात दोघांनी मिळून खानावळ चालवली. पोळ्यांचं आणि आमटीचं प्राजक्ताबाईंनी बघायचं, भाजी आणि मासळी आणायची निनादने. हा गडी आडदांड, आणि झोपायचा उताणा, हातपाय पसरून, सगळा पलंग लिलावात जिंकल्यासारखा. बाईंच्या वाट्याला काठाची वीतभर जागा. त्यावरून त्यांनी आयुष्यभर त्याचा उद्धार केला, आणि त्याच्या तेराव्याला पाहुणे गेल्यावर स्वतःची जागा सोडून त्या गुपचूप त्याच्या खळग्यात जाऊन झोपल्या. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

गादीची मुदत भरली आणि लोटे औद्योगिक वसाहतीतल्या फोमच्या कारखान्याची गाडी दारात आली. गादी गाडीत चढली तशा प्राजक्ताबाईही पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. तो नको नको म्हणत राहिला, बाईंनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि विषय संपवला.

कारखान्यातल्या डॉक्टर सना मुकादम रसायनतज्ज्ञ होत्या. कॉलेजात असताना त्या महाडिकांच्याच खानावळीत जेवत, त्यामुळे बाईंच्या लेखी त्या अजून पानात भात टाकणारी सनाच होत्या.

"काकू, तुम्ही कशाला आलात? ठसा घरपोच आला असता."

"समोर काढ. माझा भरवसा नाही तुमच्या यंत्रांवर."

ठसा ही सरकारने दिलेली सवलत होती. लोक गाड्यांसमोर आडवे पडू लागले तेव्हा ठरलं, की गादी विरघळवण्याआधी तिच्यातला खळगा मोजायचा आणि जुन्या पद्धतीच्या, कधीही न बदलणाऱ्या फोमात तो हुबेहूब उतरवून द्यायचा. एका घराला एकच. प्राजक्ताबाईंनी त्यासाठी पलंग खिडकीशी सरकवून ठेवला होता.

गादी मोजणीच्या मेजावर गेली. यंत्राचा हात तिच्यावरून सावकाश फिरू लागला.

"हिला मुळात खळगा पडतोच कसा ग?" बाईंनी विचारलं.

"जुना फोम उकडलेल्या अंड्यासारखा होता, काकू. एकदा घट्ट झाला की परत पातळ होणार नाही. म्हणून तर त्याचे डोंगर साचले. मग रेणूंना जोडणारे बंधच बदलले. ऊब लागली की हे बंध सुटतात, शेजारच्याला धरतात आणि पुन्हा घट्ट होतात. आम्ही त्यांना सैलबंध म्हणतो."

"म्हणजे रव्याचा लाडू. बिघडला तर मोडायचा, ऊन करायचा, तुपाचा हात लावून पुन्हा वळायचा."

"अगदी तसंच. आमच्या टाकीत तुपाऐवजी ग्लायकॉल असतं. त्यात तापवली की अख्ख्या गादीची खीर होते आणि तिच्यातून पॉलिऑल परत मिळतं. ते असतं घट्ट तेलासारखं. त्याचाच पुन्हा नवा फोम. टाकीत सगळे बंध एका दमात सुटतात. अंथरुणात ते अंगाच्या उबेनं थोडे थोडे सुटतात आणि वजन पडलं असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. तो खळगा."

यंत्र थांबलं. पडद्यावर निळ्या रेघांचा एक आकार उमटला होता. सना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मोजणी पुन्हा एकदा लावली.

"निनादकाका कुशीवर झोपायचे का?"

"छे. उताणा. आणि घोरायचा असा, की शेजारचे भिंत ठोकायचे."

"काकू, या खळग्यात तुम्ही झोपत होतात?"

"रोज. तेवढ्यासाठी तर..." बाई बोलता बोलता थांबल्या.

सनाने पडदा त्यांच्याकडे वळवला. एक लहानसा खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे, गालाखाली दुमडलेला हात. प्राजक्ताबाईंना तो आकार ओळखायला क्षणभरही लागला नाही.

"हा तो नाही."

"नाही."

"कधी गेला?"

"बराचसा पहिल्याच उन्हाळ्यात. इथली हवा दमट, त्यात तुमच्या अंगाची ऊब. तुमचं वजन कमी, म्हणून त्यांचा रुंद खळगा हळूहळू वर येत तुमच्या मापाचा झाला."

"मला वाटायचं, तो आता जास्त घट्ट धरतोय."

सनाने मान खाली घातली.

"तळाशी काही उरलं असेल, बघ ना."

"बघितलं, काकू. दोनदा."

"मी नुसती लांबून बघत राहिले असते तर?"

इथे सनाला खोटं बोलता आलं असतं. तिने ते केलं नाही. "तर राहिला असता. माझ्या मुलीची गादी मी गार खोलीत ठेवलीय, संशोधनाच्या नावाखाली. ती गेल्यापासून हात लावलेला नाही. तिचा खळगा आहे तसा आहे."

"लावावासा वाटत नाही?"

"रोज वाटतो. दारातून बघते आणि परत येते."

बाईंना तिची दया आली आणि त्याच दमात तिचा हेवाही वाटला. हिच्याकडे मूल होतं, पण कुशीत घेता येत नव्हतं. आपण तीन वर्षं कुशीत शिरलो, आणि शिरून शिरूनच त्याला घालवला. रडू येत होतं, पण ते कुणासाठी, हे त्यांना समजेना.

"ठसा काढायचा का?" सनाने विचारलं. "हक्क आहे तुमचा."

"कुणाचा काढणार?"

टाकीकडे नेणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. प्राजक्ताबाईंनी चपला काढल्या. "एकदा पडते यावर. मग न्या."

सनाने माणसांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

बाई कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले. फोम आधी थंड होता. मग ऊब पोचली, आतले बंध सुटले, जुळले आणि गादीने त्यांना खांद्यापासून टाचेपर्यंत धरलं, कुठेही फट न ठेवता. तीच मिठी, रोजची. ती कुणाची आहे हे आता त्यांना पुरतं ठाऊक होतं.

बऱ्याच वेळाने सनाने दार किलकिलं करून हाक मारली, "काकू, चला ना."

प्राजक्ताबाईंनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ग," त्या म्हणाल्या. "आत्ताच कुठे त्याचा डोळा लागलाय."