ब बोकडाचा

बालवाडीच्या दारातून आधी शिंगं आत आली, मग दाढी... आणि कृपाला काही कळायच्या आत बोकडानं भिंतीवरचं बदक खाऊन टाकलं.

चित्रातलं बदक. 'ब बदकाचा' हा कागद तिनं स्वतः रंगवला होता. पण जामखेडकडच्या त्या कोरड्या वस्तीत पोरांनी बदक पाहिलं होतं कधी? आठवडाभर घसा फोडूनही ब त्यांच्या डोक्यात उतरत नव्हता. आता मात्र सगळी सतरंजीवर उभी राहून ओरडत होती, "बोकड! बाई, बोकड!"

मागोमाग दोरी आवळत आमोस आला. सहादू शेळीवाल्याचा मुलगा. घामेजलेला, ओशाळलेला... तरी डोळ्यांत हसू.

"माफी करा, बाई. कागद दिसला की ह्याला दम निघत न्हाई."

"माझा ब खाल्ला त्यानं. भरून कोण देणार?"

"आता पोटातनं कसा काढू?"

कृपा हसू दाबायला गेली आणि फसली. "मग उद्यापासून हाच माझा ब. रोज सकाळी हजर करायचा."

"आन् मी?"

"तुम्ही दोरी धरायची. गप बसून."

दुसऱ्या दिवसापासून बालवाडीचं रूपच पालटलं. पोरं बोकडाच्या पाठीवर हात ठेवून "ब... ब... बोकड" म्हणायची आणि कोळशानं फरशीवर ब काढायची. मग दारात गाढव आलं, ग आला. शेळी आली, श आला. आमोस कधी शाळेत गेलाच नव्हता. उंबऱ्यावर बसून तोही काडीनं धुळीत गिरवायचा.

एकदा कृपा वाकून बघायला गेली. तिची वेणी त्याच्या खांद्याला लागली.

"हा क कोंबडीचा का?"

"न्हाई."

"मग कुणाचा?"

"वळखा की, बाई..."

"ओळखलं. पण तोंडानं सांग ना."

त्याचे ओठ हलले... तेवढ्यात रस्त्यानं तिचे वडील, दादा, येताना दिसले. आमोसनं झटकन पायानं क पुसला. ती चपळाई कृपाला खुपली. पण प्रेमात माणूस खुपलेलं काढत नाही, कुरवाळत बसतं.

"ह्यो बोकड इकायचा न्हाई," आमोस पोरांना सांगायचा. "ह्यो बालवाडीचा." सांगताना बघायचा मात्र कृपाकडे.

नाताळ सरला आणि शिर्डीच्या एका हॉटेलात मॅनेजर असलेल्या मुलाचं स्थळ आलं.

"तू येऊन दादांशी बोल," कृपा म्हणाली. "एकाच चर्चमध्ये बसतो आपण, एकाच वस्तीत राहतो. आड काय येतंय?"

"काईच न्हाई. बोलतो की. रविवारी, प्रार्थना सुटली की..."

रविवारी तो आला. अंगणात तिच्या वडिलांसमोर टोपी चुरगाळत उभा राहिला. दाराआड कृपा कान देऊन उभी होती.

"दादा... तुमची म्हैस कशी हाय?"

"बरी हाय की."

"बरं," म्हणाला आणि निघून गेला.

साखरपुडा ठरला. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी अंगणात गलका झाला. शेजारची चिमुरडी हेलन धावत आत आली, "बाई! आपला ब आला!"

कृपा बाहेर आली. आमोस दोरी धरून उभा होता. पाहुण्यांच्या जेवणासाठी तिच्या वडिलांनी सहादूकडून बोकड घेतला होता.

"तू म्हणाला होतास, विकणार नाही."

"आबांनी येव्हार केला. माझ्याच्यानं... न्हाई म्हनवलं न्हाई."

"कुणाला? तुझ्या आबांना, का माझ्या दादांना?"

आमोस दोरीकडे बघत राहिला. त्या क्षणीही त्याच्या तोंडून एक शब्द फुटला असता, तर ती अंगावरच्या लुगड्यानिशी त्याच्यामागून चालू लागली असती. तिनं वाट पाहिली. आतून हाका आल्या, तरी पाहिली.

त्यानं दोरी पुढे केली. "कुठं बांधू?"

तिनं दोरी हातात घेतली. बोकडानं तिच्या पदराला तोंड लावलं.

"आमोसभाऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नका."

सोमवारी कृपानं नवं बदक रंगवून भिंतीला लावलं.

"म्हणा, ब बदकाचा."

बदक म्हणजे काय, हे या खेपेला कुणीच विचारलं नाही. सगळी पोरं दाराकडे बघत बसली होती.