रॅग्लनमधली फेरी

काम तसं साधंच होतं. आमच्या लँकेशायरच्या गिरणगावातलं रॅग्लन थेटर पाडणार होते आणि आईला ते एकदा आतून बघायचं होतं. लग्नाआधी ती तिथं बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायची. नंतर तिथं बिंगोचा जुगार आला, मग गालिच्यांचं गोदाम झालं. गावानं रॅग्लनला कायम ‘ढेकणांचा वाडा’ म्हणूनच हिणवलं, पण गावातली निम्मी लग्नं तिथल्याच मागच्या रांगेत ठरली. माझ्या आईवडिलांचंसुद्धा.

राखणदार क्लिफर्डनं दार उघडून दिलं. “आजी, सांभाळून. आत उंदीर आहेत.”

“तेव्हाही होते,” आई म्हणाली. “तिकीट काढून यायचे बिचारे.”

बाहेर कोरडं, स्वच्छ ऊन होतं. तरी आईनं हिरवी छत्री बरोबर घेतलीच होती. तिची सवय.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या काळी सिनेमा सुरुवातीपासून बघायची रीत नव्हती. खेळ दुपारपासून अखंड फिरत असायचा. वाटेल तेव्हा आत शिरायचं, असेल तिथून बघायचं. आपण शिरलो तो प्रसंग फिरून परत आला, की शेजाऱ्याला कोपर मारायचं, “इथंच आलो होतो आपण,” म्हणायचं आणि उठायचं. काही चिवट मंडळी उठायची नाहीत. त्यांच्या पायाशी बॅटरीचा उजेड टाकून त्यांना उठवायचं काम आईचं आणि तिच्या मैत्रिणीचं, मेव्हिसचं. मेव्हिस केव्हाच देवाघरी गेली होती.

आत मधली वाट सोडून गालिच्यांच्या वळकट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. सगळ्यात मागं चारदोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. आई हौसेनं एका खुर्चीत बसली, मी शेजारी. क्लिफर्ड बाहेर सिगारेट ओढायला गेला आणि त्याच्यामागं दार लोटलं गेलं.

आधी वास आला. ओल्या लोकरी कोटांचा, संत्र्याच्या सालींचा. मग समोरच्या उघड्या भिंतीवर काहीतरी हललं. एक स्वयंपाकघर. पिवळे पडदे. पांढऱ्या केसांची एक बाई पाठमोरी उभी राहून कप विसळत होती.

“आई... ही बाई कोण?”

“बाई कुठली? दोघीजणी आहेत. बसथांब्यावर, पावसात. एकाच छत्रीखाली.” आईचा आवाज बारीक झाला. “छत्री हिरवी आहे, पोरी...”

तेवढ्यात पुढं अंधारात खुर्ची आपटली. माणूस उठलं की बैठक मागं आपटते ना, तसा आवाज. तिथं तर नुसते गालिचे होते. मग दुसरी, थोडी अलीकडं. मग तिसरी. आणि त्या आवाजांबरोबर जमिनीवरून उजेडाचा एक लहानसा गोल रांगेरांगेनं आमच्याकडं सरकत होता.

“मेव्हिसच ती,” आई कुजबुजली. “तिची बॅटरी अशीच थरथरायची.”

“ऊठ आई. बाहेर चल.”

“नको गं... बाहेर नको. इथं बसू दे मला.”

माझी पार गाळण उडाली होती. मला फक्त तो उजेड दिसत होता आणि आईच्या पायांपाशी तो पोचता कामा नये एवढंच कळत होतं. मी तिला दंडाला धरून उठवलं, जवळजवळ ओढतच दाराबाहेर काढलं. क्लिफर्ड काहीतरी विचारत होता, मी थांबले नाही. रस्ता ओलांडला आणि समोरच्या बसथांब्यावर येऊन मगच श्वास घेतला.

पाऊस तेव्हा सुरू झाला. एकदम, टपोरा. मी घाईघाईनं छत्री उघडली आणि आईला जवळ ओढलं. छत्रीकडं माझं लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता.

आईनं हळूच कोपर मारलं.

“इथंच आले होते मी,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर तिची मान कलली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. असेल.

त्या वेळी माझे केस काळेभोर होते. आता हे असे, कापसासारखे. त्या भिंतीवरची बाई मी विसरले नव्हते, म्हणून घरात पिवळं काही येऊ दिलं नाही मी कधी. ही जागा घेतली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीला आधीचेच पिवळे पडदे होते. पहिल्या दिवशीच काढून पेटीत कोंबले. काल रात्री मी झोपले असताना भाचीनं ते धुऊन, इस्त्री करून पुन्हा टांगले. मावशीला खूश करायला. पोर गुणाची आहे, तिला काय सांगणार?

आज तू केलेला चहा झाल्यावर कप घेऊन आत गेले आणि खिडकी दिसली. मागं कुठंतरी खुर्ची आपटली. आमच्याकडं तसल्या खुर्च्या नाहीत. मी कप न विसळताच ठेवला, नळाला हातसुद्धा लावला नाही, आणि इथं तुझ्यापाशी येऊन बसले. भाची तर सकाळीच गेली. या घरात आपण दोघंच आहोत ना?

मग जरा ऐक... आत पाणी वाहतंय.