दुपारी दोनची हवा

आमच्या गोष्टीत पाऊस नाही, आधीच सांगते. छत्री उलटली आणि नजरानजर झाली, असलं काही घडलं नाही. डिसेंबर होता, सकाळचे सहा वाजले होते आणि मालाडच्या एका शाळेच्या मैदानावर मी माझ्या वडिलांना बळेच तिसरी फेरी मारायला लावत होते.

बाबांचं नाव दादू. तरुणपणी आठ वर्षं गिरणीत काढली आणि कापसाची धूळ फुप्फुसात घेऊन बाहेर पडले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी अजून चार-दोन हिवाळे काढावेत, एवढंच माझं मागणं होतं. म्हणून पहाटेची शुद्ध हवा खायला मी त्यांना दोन वर्षं रोज साडेपाचला उठवत होते.

त्या दिवशी ते खोकत खोकत खालीच बसले. शाळेच्या गच्चीच्या जिन्यावरून एक जण धावत आला, त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मला म्हणाला, "यांना या वेळी बाहेर काढत जाऊ नका."

मी फणकारले. तुम्ही कोण, डॉक्टर?

"नाही. मी मिथुन. वर हवा मोजायचं मशीन आहे, ते साफ करायला आलोय." मग त्याने पलीकडच्या बेकरीच्या धुराड्याकडे बोट दाखवलं. धूर जेमतेम दोन मजले चढला होता आणि तिथेच आडवा पसरला होता. "बघा. रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते. वर उबदार हवेचं झाकण. मग खालचं वर जातच नाही. पहाट शांत वाटते ना, ती ही अशी. यांना दुपारी दोनला आणा. उन्हाने जमीन तापते, खालची हवा उसळून वर जाते, सगळी ढवळून निघते. तेव्हा यांना नीट श्वास मिळेल."

आभारसुद्धा न मानता मी बाबांना घेऊन निघाले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. दोन वर्षं... आणि मीच उठवत होते.

मी जवळच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. मालकिणीच्या हातापाया पडून जेवणाची सुट्टी दोनची करून घेतली. दुपारी गेलो तर मिथुन तिथेच. माझा नंबर मागताना त्याने हवेचं कारण सांगितलं आणि देताना मीही तेच कारण धरलं. मग रोज मेसेज यायचा — 'आता निघा.' बाबा एकपासूनच शर्टाची बटणं लावून तयार. शाळेच्या शिपायाकडून मागून घेतलेल्या खुर्चीत ते उन्हात बसायचे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. मिथुन सांगायचा, हीच ढवळाढवळ मे महिन्यात खूप उंच चढते, तेव्हा ढग उभे राहतात, विजा कडाडतात. लोक तिला घाबरतात. पण ती नसेल तर आपण आपल्याच धुरात बसून राहू.

"म्हणजे तुम्हाला शांत बायका आवडत नाहीत," मी म्हणाले.

"मी हवेबद्दल बोलतोय."

"मीपण."

त्याचे कान लाल झाले. बाबा खोकत हसले आणि मालवणीत म्हणाले, "चेडवा, ह्याका एकदा जेवूक बोलव." त्यांना असं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला तो आवडायला लागला, तो त्या दिवशी.

जानेवारीत हवा बसली, ती बसलीच. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. मेसेज आला, 'आज नको.' दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. डॉक्टर घरी येऊन गेले, ऑक्सिजन लावला. पाचव्या दिवशी बाबा खिडकीशी बसले होते, शर्टाची बटणं लावून. त्यांनी विचारलं, "दोन वाजले काय गो?"

वाजतील इतक्यात, मी म्हटलं. दोन वाजायच्या आत ते गेले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. बोरिवलीचे डोंगर धुतल्यासारखे दिसायला लागले आणि शेजारीण म्हणाली, किती छान हवा आहे आज. मी दार लावून घेतलं.

मिथुन स्मशानात मागे उभा होता. नंतर त्याचा मेसेज आला नाही. चौदाव्या दिवशी सकाळी फोटोपुढे उदबत्ती लावली. धूर थोडा वर गेला आणि आडवा पसरला. मी खिडकी लावली आणि वाट बघत बसले... कशाची, ते स्वतःलाही सांगितलं नाही. दोनला दहा कमी असताना फोन वाजला. 'चेतना, आता ये.'

मैदानावर बाबांची खुर्ची जागेवर होती, शेजारी मिथुन उभा. मी म्हणाले, "मी मारलं त्यांना. पहाटे उठवून उठवून."

तो म्हणाला, "त्या पहाटांनी त्रास वाढवला असेल. खोटं नाही बोलणार तुझ्याशी. पण गिरणीतली आठ वर्षं तू नाही दिलीस त्यांना. आणि एक वाजताच तयार होऊन बसायचे, ते तुझ्यामुळे."

मग मी मोठ्याने रडले, चौदा दिवसांत पहिल्यांदा. रडून झाल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मशीनचं आजचं काम झालं का.

"मशीन आकडे आपोआप पाठवतं," तो म्हणाला. "मला महिन्यातून एकदाच यावं लागतं."

"मग रोज दोनला —"

"आधी त्यांच्यासाठी यायचो, हे खरं सांगतो. मग... दोघांसाठी. आज फक्त तुझ्यासाठी आलोय."

'आधी त्यांच्यासाठी' म्हणाला, तिथेच मी त्याची झाले. बाबांच्या खुर्चीत बसले आणि त्याला सांगितलं, शिपायाकडून अजून एक खुर्ची आण, आपल्याला रोज बसायचंय. तो खुर्ची आणायला गेला.