सैल फीत

डोके मोजायला येणाऱ्या बाईच्या कथेचे तीन पाठ सांगितले जातात. रायापूरच्या पाठात ती सुईण असते, धारवाडच्या पाठात शिंपीण. जुन्या हुबळीतला पाठ केदारी अण्णा अंधार पडल्यावर गल्लीतल्या पोरांना सांगतात. त्यांच्या मते ही त्यांच्या पुतणीच्या, पद्माच्या, घरी घडलेली गोष्ट.

पद्माच्या आठ महिन्यांच्या आरुषीच्या डोक्यात पाणी साचे. ते पोटात उतरवणारी नळी बसवलेली होती. अशा नळ्या का तुंबतात, याचे संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी कागदी फीत आणि तक्ता दिला होता. रोज डोक्याचा घेर मोजून लिहायचा. दर सोमवारी गोदावरी नर्स तपासायला येई.

"फीत आवळू नको, पद्माक्का. मला फसवशील, पाण्याला कशी फसवणार?"

बारा डिसेंबरची, गुरुवारची रात्र. नवरा संघपाल रात्रपाळीला गेला होता. तक्ता सकाळी पोहोचवायचा, म्हणून पद्मा मापाला बसली. फीत सेहेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे सरकू लागली. तिने ती आवळली. नऊ दिवस ती हेच करत होती. आकडा वाढला तर पुन्हा कवटी उघडतील. मागच्या वेळी पोरीने चार दिवस डोळे उघडले नव्हते. सेहेचाळीस, तिने लिहिले.

आरुषी रडत नव्हती. दूध ओकून निपचित पडली होती.

पावणेदोनला दार वाजले.

"अक्का, मी गोदावरी."

"या वेळी?"

"सकाळ... लांब आहे."

पद्माने कडी काढली. गोदावरी पाळण्याशी बसली. फीत लावली. सैल.

"बघ."

पद्माने मान फिरवली.

"नोड, अक्का... बघ."

अठ्ठेचाळीस.

"मीच आवळत होते..."

फितीवरून नजर काढून पद्मा वळली. खोलीत कोणी नव्हते. कडी आतून लागलेली...

इथे अण्णा बिडी विझवतात. 

पद्माने पोर चादरीत गुंडाळली, तक्ता उचलला आणि शेजारच्या प्रभंजनला उठवून त्याची रिक्षा काढायला लावली. पहाटे शस्त्रक्रिया झाली. नळी पुरती तुंबली होती. आरुषी शुद्धीवर आली नव्हती.

"तुम्हांला कळले कसे?" डॉक्टर उत्तराबाईंनी विचारले.

"गोदावरीबाई आल्या होत्या रात्री."

उत्तराबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. "दोन तारखेच्या रात्री अपघातात गेली ती. म्हणून तर या सोमवारी कोणी आले नाही तुमच्याकडे."

पद्माने तक्ता पुढे केला. नऊही सेहेचाळीसांवर रेघ होती. शेजारी निळ्या शाईत, गोदावरी लिही तसे कन्नड आकड्यांत, एकेका दिवसाचा खरा घेर. आजच्या, तेरा तारखेच्या चौकटीत अठ्ठेचाळीस.

खाली उद्याची, चौदा तारखेची चौकट होती. तीही भरलेली होती: साडेसत्तेचाळीस.