सागरवेणी

हे मी फारसं कुणाला सांगत नाही. पार्लरमध्ये बायका बसलेल्या असतात, कुणाची लेक घरी तापाने पडलेली असते, उगाच मनात भीती भरते. पण मघाशी गेली ती दीपमाला, तिच्याबद्दल तुम्ही विचारलंत. तेवढं दार लोटून घ्या, सांगते.

थंडीचे दिवस होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून रविवार कारंजाच्या बाजारात जाऊन रबरं, क्लिपा आणाव्यात असा विचार केला. शटर अर्धं ओढलं आणि बाहेर एक माणूस उभा दिसला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. आमच्या सिडकोतल्याच मागच्या गल्लीतला संघर्ष, ओझरला फिटर आहे. पावसाळ्यात त्याची एकुलती एक मुलगी डेंग्यूने गेली होती. अंजली नाव, चौथीत होती. तेव्हापासून बायको, म्हणजे ही दीपमाला, सिन्नरला माहेरी होती. घरात तो एकटाच.

"ताई, सागरवेणी शिकवता का?" त्याने विचारलं.

"कुणाला शिकायचीय?"

"मला."

का म्हणून विचारायला माझी जीभ रेटली नाही. दुःखातलं माणूस कशाला धरून राहील, सांगता येत नाही. मी शटर वर केलं आणि डमीचं डोकं त्याच्यासमोर ठेवलं.

टाळूवरचे केस धरायचे, त्यांचे तीन पेड करायचे. एकदा गुंफलं की दर वेळी बाजूची एक बट उचलून पेडात मिसळायची. एकदा उजवीकडची, एकदा डावीकडची, असं मानेपर्यंत. बोटं जाड होती त्याची, तेलाने काळवंडलेली. सुरुवातीला सगळा गुंता व्हायचा. पण तो शिफ्ट सुटली की रोज यायचा.   कंगव्याचा तेवढा आवाज.

काही आठवड्यांनी त्याचा हात बसला. पार्लरमधल्या माझ्या मुलींनाही येत नाही अशी घट्ट, सरळ वेणी घालायला लागला. मी म्हटलं, "आता आली की तुम्हाला."

तो डमीकडे बघत राहिला. "हिच्यावर येते, ताई. तिचे केस ओले असतात. हातातून सटकतात."

"कुणाचे?"

"अंजूचे."

बाहेर रिक्षा उभी होती, तिचा धडधड आवाज येत होता. तो बंद झाला.

मग त्यानेच सांगितलं. दवाखान्यात अंजलीने आईकडे हट्ट धरला होता. शाळेच्या गॅदरिंगला वर्गातल्या सगळ्या मुली सागरवेणी घालणार होत्या. सलाईनच्या हाताने ती केस मागे टाकायची आणि म्हणायची, घाल ना. दीपमाला म्हणायची, ताप उतरू दे, मग घालते. ताप उतरलाच नाही. मोकळ्या केसांनीच नेलं तिला.

"आता पहाटे येते," तो म्हणाला. "कंपनीची बस असते म्हणून मी लवकर उठतो. बुद्धांपुढे मेणबत्ती लावतो आणि वळतो, तर दिवाणापाशी खाली बसलेली असते. पाठमोरी. केस मागे टाकते आणि वाट बघते. उजाडलं की जाते." मग म्हणाला, "रडत जाते, ताई."

मला वाटलं, याला डॉक्टरकडे न्यायला हवं. पण एकट्याला कसं सोडायचं? म्हटलं, उद्या मी येते.

गेले. धुकं होतं, गल्लीतले दिवे पिवळे पिवळे दिसत होते. त्याने दार उघडलं. आत मेणबत्ती आणि एक वास. आधी कळेना कसला. मग आठवलं, डोक्यावर पट्ट्या ठेवतात ना तापात, त्या ओल्या फडक्याचा.

तो दिवाणावर बसला. समोर फरशीवर चटई होती. चटईवर कुणी नव्हतं. मी स्वतः पाहिलं, कुणीही नव्हतं. त्याचे हात मात्र हवेत वर उचललेले, डमीवर असायचे अगदी तसेच.

"हात द्या," तो हळूच म्हणाला.

मी वाकून त्याच्या हातांच्या मध्ये हात घातला…

केस होते.

गार, ओले, दाट केस. बोटांना गुंता लागला. मी हात ओढून घ्यायला हवा होता. पण इतकी वर्षं हेच काम करतेय, बोटं आपोआप गुंता सोडवायला लागली. मग माझी बोटं टाळूला टेकली. केस बर्फासारखे गार आणि टाळू भाजत होता. चटका बसावा असा.

"संघर्षभाऊ," मी म्हटलं, "हिचा ताप उतरलेला नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला वेणी येते. ओल्या केसांवरही येते. मी बघतेय ना तुमचा हात."

 मेणबत्ती तडतडली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "येते. कधीची येते. मानेपर्यंत आणतो आणि सोडून देतो. पूर्ण झाली तर उद्या कशाला येईल ती?"

 माझ्या हाताखाली ते डोकं जळत होतं. मी एवढंच म्हटलं, "दीपमालाला बोलवा."

दुसऱ्या दिवशी सिन्नरहून एसटीने ती आली. पार वाळली होती. त्याने तिला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या पहाटे आम्ही तिघंही त्या खोलीत होतो. मेणबत्ती लागली. तो वास आला. संघर्ष म्हणाला, "आली."

दीपमाला चटईपाशी गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. इकडे चाचपले, तिकडे चाचपले. आंधळ्या माणसासारखे.

"कुठंय?"

"तुझ्या हाताशीच आहे. थोडं खाली."

"नाही… मला काहीच लागत नाही हो." तिने माझ्याकडे पाहिलं. "छायाताई, तुम्हाला लागले होते ना केस? मग मला का नाही? मी आई आहे तिची."

ते मी ऐकलंय. अजून झोपताना ऐकू येतं.

संघर्षने तिचे हात धरून आपल्या मनगटांवर ठेवले. "असू दे. मी घालतो, तू माझे हात धर," म्हणाला. आणि त्याने सुरुवात केली. तीन पेड, उजवी बट, डावी बट. त्याच्या मनगटांबरोबर तिचे हात हलत होते. ती डोळे मिटून हलक्या आवाजात म्हणत होती, "झालं हं, बाळा. झालंच."

मानेशी आल्यावर त्याचे हात थांबले. बराच वेळ थांबले. खिडकीच्या काचा पांढुरक्या व्हायला लागल्या होत्या.  दीपमालाच म्हणाली, "घाला. किती दिवस तापात ठेवणार तिला?"

त्याने शेवटपर्यंत गुंफली आणि रबर लावलं. मला दिसलं ते इतकंच, की काळं रबर हवेत गोल फिरलं, दोन वेढे पडले आणि तसंच राहिलं. क्षणभर. मग ते फरशीवर पडलं. ओल्या फडक्याचा वास गेला. संघर्षने रिकाम्या चटईवर हात फिरवला आणि म्हणाला, "गार आहे."

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. दोघं एकमेकांना धरून रडले आणि मी घरी आले.

नंतर तो एकदाही सरावाला आला नाही. दीपमाला सिन्नरला परत गेली नाही. मला वाटलं, संपलं. जे व्हायचं ते नीट झालं.

आज बऱ्याच दिवसांनी ती केस धुवायला आली. खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. पाहते तो तिच्या डोक्यावर सागरवेणी. वाकडीतिकडी, एका बाजूला ओढलेली, पेड कुठे जाड, कुठे बारीक. नवशिक्याच्या हाताची.

"भाऊंनी घातली?" मी विचारलं. "त्यांचा हात तर असा नाही."

"ते नाही. मी उठते तेव्हा घातलेली असते." तिचा चेहरा शांत होता. "आधी तर नुसता गुंता असायचा. आता बरी जमते, नाही?"

मी वेणी सोडली. केस मोकळे करून विंचरले, पाणी कोमट आहे का बघायला नळाकडे वळले. वळून परत आले इतकाच वेळ.

टाळूवरचे केस तीन पेडांत वेगळे झालेले होते. दीपमाला आरशासमोर डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर. तिची मान कुणी मागून ओढावी तशी जराशी मागे गेली.

"हळू," ती म्हणाली.

ते मला नव्हतं.